अर्थिंगची पिन कापायला सांगणारा मेसेज

परभणीच्या माझ्या मामांकडे चाळीस वर्षांपूर्वीची इलेक्ट्रिक हवाइयन गिटार आहे, आडवी ठेवून स्टीलच्या बारने वाजवतात ती; हिलाच स्टील गिटार म्हणतात. ऑर्केस्ट्रात, लग्नांत, गणपतीच्या मंडपांत त्यांनी ती वाजवली. मागच्या आठवड्यात गेलो तर अॅम्प्लिफायरच्या प्लगची मोठी पिन पक्कडीने कापलेली. "मामा, हे काय केलं?" तर त्यांनी मोबाइल पुढे केला. "ग्रुपवर हे आलंय बघ. सगळेच करायलेत की."

जुन्या स्टील गिटारचा आवाज परत आणायचे पाच उपाय सांगणारा मेसेज. घरघर येते? अर्थिंगची पिन काढा. वीस वर्षांत पिकअपचं (तारांखालचं चुंबक आणि कॉइल, ज्यातून आवाज अॅम्प्लिफायरकडे जातो) चुंबक मरतं, त्यावर स्पीकरचं चुंबक घासा. तेवढ्यानं भागलं नाही तर मोटार वाइंडिंगवाल्याकडून कॉइल भरून घ्या. पिकअप तारांना टेकेल इतका वर घ्या. आणि दुप्पट वॅटचा अॅम्प्लिफायर घ्या, आवाज दुप्पट होतो.

पिनेचं आधी बोलतो, कारण बाकीच्यांनी गिटार बिघडेल, हिच्यानं माणूस जाईल. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून थेट अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. आत कुठे करंट पत्र्यावर उतरला, तर अर्थिंग तो जमिनीत नेते आणि फ्यूज उडतो. पिन कापली की फ्यूज उडत नाही, करंट तारांवर बसून राहतो. त्यात हवाइयन वाजवणाऱ्याच्या डाव्या हातात स्टीलचा बार आणि उजव्या हाताच्या बोटांत धातूच्या नख्या. दोन्ही हात धातूवर, समोर माइक. 1972 च्या मे महिन्यात वेल्समधल्या स्वॉन्सी शहरात 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे असाच स्टेजवर शॉक लागून मेला. हात गिटारच्या तारांवर होता आणि अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श झाला. तो तर नावाजलेल्या बँडचा कार्यक्रम होता. आपल्याकडे शेतातल्या मंडपात जनरेटरवरून वायर ओढतात, प्लग नसला तर काडीपेटीच्या काड्या खुपसून वायरी सॉकेटात बसवतात, खाली ओली जमीन असते. तिथे हा सल्ला द्यायचा?

पिन काढल्यावर घरघर कमी होते, हे मान्य करावंच लागतं. पुष्कळदा अॅम्प्लिफायर एका बोर्डावर आणि साउंडचा मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असतो, दोन वाटांनी अर्थिंग मिळून गोल तयार होतो आणि तोच गुणगुणतो. त्यासाठी दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिलं तर मध्ये डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सरच्या मधे जोडायची छोटी डबी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त आवाजाच्या केबलची जाळी तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. मामांच्या प्लगला त्याच दिवशी नवा टॉप बसवला. ग्रुपमधल्या आणखी तिघांनी पिन काढली आहे, त्यांना फोन करतोय.

आता चुंबक. इलेक्ट्रिक गिटारची सुरुवातच स्टील गिटारपासून झाली. 1930 च्या दशकातल्या रिकेनबॅकर कंपनीच्या 'फ्राइंग पॅन' गिटारी आजही वाजतात. ती बनवणाऱ्या जॉर्ज बोशाँला तिचं पेटंट 1937 साली मिळालं. वीस वर्षांत चुंबकं मरत असती तर त्या कधीच मुक्या झाल्या असत्या. चुंबक अशक्त होऊ शकतं, हे खरं. पण ते मुख्यतः दुसरं जोरदार चुंबक उलट्या बाजूने जवळ आणल्यावर, म्हणजे मेसेज सांगतो तेच केल्यावर.

कॉइलची तार केसाइतकी बारीक असते. पंपाची मोटार भरणाऱ्या माणसाचा हात चांगला असला तरी त्याचं यंत्र या कामाचं नाही. मल्टीमीटर मात्र त्याच्याकडे असतो, तेवढा मागा. पिकअपवर काही हजार ओहम दिसले तर कॉइल तुटलेली नाही. पेडल लावलेल्या स्टील गिटारच्या (पेडल स्टील) पिकअपला पंधरा-वीस हजार दिसतात. काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटली, मग पिकअपचंच काम करणारा शोधा.

पिकअप वर घेतल्यावर आवाज वाढतो, पण फार जवळ गेला की चुंबक तारेला ओढतं, सूर थरथरतो आणि मींड मध्येच मरते. थोडा थोडा वर घेऊन कानाने ठरवा. वॅटचं म्हणाल तर दुप्पट वॅटने तीनच डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट लागतात.

मामांच्या गिटारला खरं काय झालं होतं? तारा दोन वर्षं बदलल्या नव्हत्या. व्हॉल्यूमचं पॉट (बटणाखालचा फिरता भाग) धुळीने खरखरत होतं. जॅकचा एक टाका अर्धा सुटला होता. नव्या तारा लावल्या, पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते वीसेक वेळा फिरवलं, टाका सोल्डर केला. परवा संध्याकाळी मामांनी भूप वाजवला, तेव्हा व्हॉल्यूम निम्म्यावर होता आणि शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.