बंपर काढा, गाडी खुलवा

तर तुमच्याकडे सत्तरच्या दशकातली एमजीबी आहे, एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार, काळ्या रबरी बंपरवाली, आणि गांधीलमाशी चावल्यासारखा सुजलेला तो ओठ तुम्हाला नजरेसमोर नकोय. बरोबरच आहे, काढून टाका. आणि नुसता बंपर काढून थांबू नका राव, आतले सपोर्ट पण उडवा, ग्राइंडर कशाला असतो मग?

मुळात हा बंपर कोणी हौसेने लावलाच नव्हता. अमेरिकेने 1973 च्या मॉडेलपासून नियम काढला की गाडी पुढून ताशी 5 मैलांनी, म्हणजे आपल्या 8 किलोमीटरने, भिंतीला धडकली तरी दिवे आणि पेट्रोलची लाइन शाबूत राहिली पाहिजे, मागून आधी अडीच मैल आणि पुढच्या वर्षीपासून मागूनही 5, वर बंपरची उंची पण ठरवून दिली. मग 1974 च्या शेवटी एमजीवाल्यांनी जुन्याच गाडीला आत पोलाद, बाहेर रबर असा जाड बंपर लावला, गाडी इंचभर उचलली आणि झालं काम. आता मला सांगा, ताशी 8 किलोमीटरने धडकायला नाशकात कोणाला वेळ आहे? द्वारका सर्कलला संध्याकाळी सगळे त्याच स्पीडने एकमेकांच्या अंगावर चढत असतात ते सोडा, तो अपवाद.

काहीजण सांगतील की बंपर काढला की त्याच्या मागे जाळी, पत्रा, दिवे आणि रेडिएटर एवढंच उरतं, रिक्षाने रिव्हर्स घेताना हलकंसं टेकवलं तरी कूलंट रस्त्यावर. अहो मग चांगलंच आहे की, गाडी टो होऊन गॅरेजला जाईल, चार लोक बघतील. बंपर काढून सपोर्टचे दांडे तसेच ठेवले तर अजूनच छान, कारण मग धडकेचा जोर पसरायला आडवी पट्टीच नाही, तो सगळा त्या दोन टोकांवर येतो, आणि मध्ये कॉलेज रोडवर रस्ता क्रॉस करणाऱ्याची नडगी आली तर ती त्याची चूक, त्याने तुमची गाडी नीट बघायला नको होती का? दांडेही कापले तर नडगी वाचते पण रेडिएटर जातो. एवढा विचार करत बसलात तर गाडी खुलणार कधी.

मागची बाजू तर अजून सोपी. एमजीबीची पेट्रोलची टाकी डिकीच्या फ्लोअरखाली लटकलेली असते, म्हणजे मागून येणाऱ्याच्या आणि टाकीच्या मध्ये एक बंपर आणि थोडा पत्रा, त्यातला बंपर तुम्ही काढणार, उरला पत्रा, आणि पन्नास वर्षांत गंजाने त्यातलाही बराचसा खाल्लेला. फोर्डची पिंटो मागून ठोकल्यावर पेट घेते म्हणून 1978 मध्ये सुमारे 15 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, पण ती अमेरिका, तिकडचे लोक घाबरट.

एक मात्र मान्य करायला हवं, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाहीये. पिंपळगावच्या मार्केटला कांदा घेऊन निघालेल्या बिनदिव्याच्या ट्रॉलीत रात्री 80 ने घुसलात तर हा बंपर असून नसून सारखाच, ट्रॉलीचा पत्रा त्याच्या वरूनच आत येतो. बंपर आहे तो छोट्या ठोकरांसाठी. फक्त नाशकात छोट्या ठोकरा रोजच्या असतात आणि ट्रॉली कधीतरी, हे गणित गाडी धुताना करून बघा.

वर तो भित्रा पंथ वेगळाच, रबरी काढून त्या जागी जुना क्रोमचा बंपर बसवणाऱ्यांचा. खालचा पत्रा कापायचा, नवे तुकडे वेल्ड करायचे, क्रोमचे वेगळे ब्रॅकेट मागवायचे, केवढा तो खर्च! तुम्ही नका पडू त्यात.

कायद्याचं टेन्शन घेऊ नका. परवानगीशिवाय गाडीत फेरफार केला तर दर फेरफाराला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी हवी तर गाडी 50 वर्षांच्या वरची आणि मूळ रूपात पाहिजे. पेठ रोडच्या आरटीओत साहेबांना सांगा, मूळ रूपच आहे साहेब, फक्त पुढचं आणि मागचं नाही. इन्शुरन्सवाल्याला तर काही कळवूच नका, सर्व्हेअर येईल तेव्हा त्याला सरप्राइज मिळेल.

काढलेला बंपर घरात ठेवून अडगळ करू नका, भंगारवाल्याला किलोने देऊन टाका. पुढे गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारेल की ओरिजिनल बंपर कुठंय, तेव्हा इंग्लंडवरून मागवा, पौंडात, वर कस्टमची ड्युटी भरून.