आधी भावावरचा हात काढा

कर्जमाफीचा विषय निघाला की महाराष्ट्रातले मुक्त बाजाराचे समर्थक न्यूझीलंडचा दाखला देतात. तिथे १९८४ मध्ये शेतीची अनुदाने बंद झाली, तरी शेतकरी तगला. मग आपणच का पोसायचे? मी याच देशात, वायकाटोच्या दूधपट्ट्यात राहतो. दाखला खरा आहे, पण तो अर्धाच सांगतात आणि त्याचा मला राग येतो.

मजूर पक्षाचे अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी मेंढपाळांची किमान भावाची हमी काढून घेतली. व्याजदर चढलेले, जमिनीच्या किमती कोसळलेल्या. १९८६ मध्ये हजारो शेतकरी वेलिंग्टनला संसदेवर चालून गेले. अनेकांचे फार हाल झाले. पण जमिनी सोडाव्या लागलेले भीती होती त्यापेक्षा पुष्कळच कमी निघाले. १९८२ मध्ये सात कोटींवर असलेल्या मेंढ्या आज अडीच कोटींच्या आत आहेत आणि त्यांच्या कुरणांत गाई चरतात. (गाईंमुळे नद्या बिघडल्या, हेही सांगायलाच हवे. ते बाजाराने आपणहून निस्तरले नाही.)

आता उरलेला अर्धा भाग. २०२५ मध्ये इथे लोणी वर्षभरात जवळपास दीडपट महागले. लोक चिडले, वर्तमानपत्रे भरून गेली. अर्थमंत्री निकोला विलिस यांनी दूध उत्पादकांच्या फोंटेरा या सहकारी कंपनीच्या प्रमुखांना भेटून जाब विचारला. बस, तेवढेच. इथले बहुतेक दूध परदेशी जाते. पण ते रोखून लोणी स्वस्त करा, ही मागणी सरकारने मनावरही घेतली नाही. चढा भाव शेतकऱ्याच्या खिशात गेला.

आणि आपल्याकडे? ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली ती किमान निर्यातमूल्य आणि शुल्काची अट घालून. शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडला. लासलगावात भाव पडले की शेतकऱ्याने सोसायचे, चढले की दिल्लीने पाडायचे. त्याहून कडू गोष्ट २०२०ची. जूनमध्ये अध्यादेश काढून कांद्याला साठ्यावर मर्यादा घालणाऱ्या जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कचाट्यातून मोकळे केले म्हणून टाळ्या घेतल्या आणि १४ सप्टेंबरला निर्यात बंद केली.

भाव पाडून शेतकऱ्याच्या खिशातून असा काढलेला पैसा, याला शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी उणे सबसिडी म्हणत. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आपल्याच मातीतली आहे, १९८०च्या कांदा-ऊस आंदोलनाच्या काळातली. ज्याच्या पिकाचा भाव सरकार पाडते, त्याला दिलेली कर्जमाफी हे अनुदान कसले? ती घेतलेल्या पैशाची तुटपुंजी परतफेड आहे. तेवढीच बंद करा म्हणणाऱ्याला मी मुक्त बाजाराचा समर्थक मानत नाही.

मीही अनुदानांच्या विरोधात आहे. पण इथल्या बुडालेल्या शेतकऱ्याच्या पाठीशी सरकारी दवाखाना आणि बेकारभत्ता होता. आपला शेतकरी दोन-तीन एकरांवर, दवाखान्याच्या एका बिलाने सावकाराच्या दारात जाणारा. म्हणून क्रम महत्त्वाचा. निर्यातबंदी आज परकीय व्यापार महासंचालनालयाच्या एका अधिसूचनेने रातोरात लागू होते. तो अधिकार संसदेने आधी काढून घ्यावा आणि न्यूझीलंडचे नाव घेणाऱ्यांनी पहिली मागणी तीच करावी.