२५२० : रामानुजनांच्या नावावर खपवलेला लसावि

आमच्या फोंड्यातल्या भजनी मंडळाच्या ग्रूपवर तो २५२० परत आलाय. मजकूर तुम्हीही वाचला असेल: संख्या साधी दिसते, पण १ ते १० पैकी कशानेही भागा, बाकी शून्य, जगात अशी दुसरी संख्या नाही, आठवड्याचे ७, महिन्याचे ३० आणि वर्षाचे १२ यांचा हा गुणाकार, शोध श्रीनिवास रामानुजन यांचा, पाश्चात्त्य गणिती थक्क! खाली नमस्कारांची रांग.

भाग जातो, हे खरं. गुणाकारही बरोबर. बाकीचं हवेत.

दुसरी संख्या नाही? दुप्पट करा, ५०४०. तिप्पट, ७५६०. हव्या तितक्या घ्या. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे १ ते १० चा लसावि. ८ साठी तीनदा २, ९ साठी दोनदा ३, मग ५ आणि ७. बाकीचे आपोआप आत येतात. म्हापशाच्या कुठल्याही हायस्कुलातली पोरं हे वहीत करतात.

पाश्चात्त्य थक्क झाले म्हणे. अहो, ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने ‘लॉज’ (कायदे) या ग्रंथात आदर्श नगराला ५०४० कुटुंबं ठरवली ती याचसाठी, की त्या आकड्याला १ ते १० ने भाग जातो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात! आणि आपल्याकडे नवव्या शतकात गणिती महावीराचार्यांनी अपूर्णांकांसाठी लसावि वापरलाय. अभिमानच मिरवायचा तर हे नाव फॉरवर्ड करा की.

पंचांगाचं म्हणाल तर ३० × १२ = ३६०, वर्ष मात्र ३६५ दिवसांचं. तिथी धरल्या तर ३० जुळतात, पण बारा चांद्रमासांचे दिवस ३५४च भरतात. अधिक मास येतो तो त्यामुळेच. ३६० मध्ये लागणारे २, ३, ५ सगळे आहेत, उरतो ७. आठवडा सातच दिवसांचा, हा योगायोग.

आता रामानुजन. १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा दीर्घ लेख आला. विषय: आपल्याहून लहान कुठल्याही संख्येपेक्षा जिचे विभाजक जास्त, अशा संख्या. ४८ विभाजकांची २५२० त्यात आहे, पण यादीतली एक म्हणून. यादी जाते ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत. तिला १ ते २८ पर्यंत प्रत्येकाने भाग जातो, विभाजक १०,०८०. तिचे मूळ अवयव बघा: २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोनदा, मग ११, १३, १७, १९, २३ एकेकदा. घात पुढे कधी वाढत नाहीत, आणि सर्वांत मोठ्या अवयवाचा घात, ४ आणि ३६ सोडल्यास, नेहमी १च असतो. हे त्यांनी सिद्ध केलं. नमस्कार करायचा तर तो इथे.

कॉम्प्युटर नसताना केलेल्या त्या यादीतून एक संख्या निसटली: २,९३,३१,८६,२५,६००. तिला २३ ने गुणा, यादीतली ती शेवटची मिळते.