अजगर तुमचं माप घेत नाहीये, त्याला गारठा लागलाय

व्हॉट्सॲपवर कित्येक वर्षं फिरणारी ही गोष्ट तुमच्याही वाचनात आली असेल. एका बाईचा पाळलेला अजगर खाणं सोडतो आणि रात्री तिच्या शेजारी लांबलचक होऊन झोपायला लागतो. ती त्याला डॉक्टरांकडे नेते. डॉक्टर म्हणतात, ‘तो आजारी नाही. तो रोज तुमचं माप घेतोय आणि तुम्हाला गिळण्यासाठी पोट रिकामं ठेवतोय.’ खाली जवळच्या माणसांपासून सावध राहण्याचा उपदेश असतो. उपदेशाचं ज्याचं त्याने बघावं. सापाबद्दलचे दावे मात्र तपासायला हवेत.

‘माप घेतोय.’ अजगर दबा धरून शिकार करतो. मान ‘एस’सारखी दुमडून थांबायचं, जिभेने वास टिपायचा, ओठांवरच्या खळग्यांनी ऊब हेरायची आणि क्षणात झडप घालायची. सरळ ताणून पडलेल्या सापाला झडपेसाठी जोरच मिळत नाही. शिवाय गिळताना प्रश्न सावजाच्या लांबीचा नसतो, जाडीचा असतो. माणसाच्या बाबतीत खांदे आडवे येतात. आणि साप मापात एवढा पक्का असता, तर झेपणार नाही असं सावज गिळून नंतर ओकला नसता.

अजगराने माणूस कधी गिळलाच नाही, असं नव्हे. इंडोनेशियात २०१७ मध्ये सुलावेसीत आणि २०१८ मध्ये मुना बेटावर रेटिक्युलेटेड पायथन या मोठ्या जातीच्या, सुमारे सात मीटरच्या अजगरांच्या पोटात प्रौढ माणसं सापडली. दोघंही शेता-बागेत गेलेली होती. घरोघरी जास्त पाळला जाणारा बॉल पायथन हा छोटा अजगर जेमतेम सव्वा ते दीड मीटरचा. त्याची मजल उंदरापर्यंत. मोठ्या जातीचा, तीन मीटरच्या आसपासचा साप मात्र एकट्याने हाताळू नये.

‘पोट रिकामं ठेवतोय.’ शरीरशास्त्र नेमकं उलट सांगतं. उपासाच्या काळात अजगर पचनसंस्था जवळपास बंदच ठेवतो: आतड्याचं अस्तर आक्रसतं, जठरात आम्ल बनणं थांबतं. बर्मीज पायथनवरच्या प्रयोगांत दिसलंय की भक्ष्य पोटात गेल्यावर दोन-तीन दिवसांत लहान आतड्याचं वजन साधारण दुप्पट होतं आणि हृदयही सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे तयारी जेवणाच्या आधी नाही, नंतर होते. म्हणूनच लांबलेला उपास सुटताना पहिला उंदीर नेहमीच्या निम्म्या आकाराचा द्यावा. ‘बिचारा भुकेला आहे’ म्हणून मोठा दिलात, तर तो अर्धवट पचवून बाहेर काढण्याची शक्यता जास्त. ओकलाच, तर पुढचे १०-१४ दिवस काहीही देऊ नका.

‘तो आजारी नाही.’ गोष्टीतलं सगळ्यात घातक वाक्य हेच. वजन न करता, तोंड न उघडता, तापमान न विचारता कुठलाही जाणता डॉक्टर असं म्हणणार नाही. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ झालेत, मादी गाभण आहे, नर प्रजननाच्या हंगामात आहे किंवा नुकतंच घर बदललंय, अशा वेळी साप नैसर्गिकपणेच खात नाही. प्रौढ बॉल पायथन तर महिनोन्‌महिने उपाशी राहतो. पण अंथरुणात येणाऱ्या सापाचं पहिलं कारण बहुधा साधं असतं: गारठा. खोली २३ अंशांवर, माणसाचं अंग ३७ अंशांच्या आसपास. लांब होऊन टेकलं की जास्तीत जास्त कातडीला ऊब मिळते. थंड अंगात अन्न पचत नाही, म्हणून भूकही मरते. गोष्टीतल्या दोन्ही लक्षणांचा उलगडा इथेच होतो.

तेव्हा आधी साप ठेवायची पेटी तपासा. बॉल पायथनला उबदार टोकाला पृष्ठभाग ३१-३३ अंश, थंड टोकाला २५-२७ अंश आणि आर्द्रता ६०-७० टक्के लागते. काचेवर चिकटवलेल्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो काचेचंच तापमान सांगतो. लांबून रोखून पृष्ठभागाचं तापमान मोजणारा गन थर्मामीटर वापरा. हीट मॅटला, म्हणजे ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर सापाचं पोट भाजतं. दोन्ही टोकांना अंगाला टेकतील अशा घट्ट लपायच्या जागा ठेवा. मग सात ते दहा दिवस फक्त पाणी बदला, सापाला हात लावू नका.

गोठवलेला उंदीर एरवी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढाच घ्या, लांबलेला उपास सुटताना त्याच्या निम्मा. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवून, बंद पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा. डोकं ३८-४० अंशांवर आलं की पुसून कोरडा करा. मायक्रोवेव्ह नको, उंदराचं पोट फुटतं. अंधार पडल्यावर लांब चिमट्याने धरून थोडा हलवा, पण सापाच्या नाकाला लावू नका. मान मागे घेतली तर उंदीर लपायच्या जागेच्या तोंडाशी ठेवून निघून जा. सकाळी तसाच असेल तर फेकून द्या. पुढचा प्रयत्न आठवड्याने. रोज समोर नाचवलात, तर साप चिमट्यालाच घाबरायला लागतो. जिवंत उंदीर आत सोडून जाणं सर्वांत वाईट. न खाणाऱ्या सापाला तो हाडापर्यंत कुरतडतो. जबरदस्तीने भरवणंही घरी नकोच. श्वासनलिकेचं तोंड सापाच्या जबड्यात खालीच, पुढच्या बाजूला असतं. तिथे चूक महाग पडते.

दर आठवड्याला एकाच काट्यावर ग्रॅममध्ये वजन लिहा. दीड किलोचा साप तीन महिन्यांत ६० ग्रॅम उतरला आणि अंग घट्ट असेल, तर थांबायला हरकत नाही. १० टक्क्यांच्या वर घट, तोंड उघडून श्वास, तोंडाशी फेस, हिरड्यांवर पिवळट थर, अंगावर माइट्स (रक्त शोषणारे बारीक किडे) यांपैकी काहीही दिसलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पिल्लांना एवढी सवड नसते. जाताना वजनाची वही आणि पेटीच्या दोन्ही टोकांचं तापमान लिहून न्या; डॉक्टर आधी तेच विचारतील.