'उसनं दुःख' म्हणणाऱ्या काकांना

काका,
(साठी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणते. आवडलं नाही तर सांगा.)

कॅनेडियन गायिका जोनी मिचेलच्या 'ब्ल्यू' या अल्बमवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, तिसऱ्यांदा माझी चूक दिसली. आधी तीच कबूल करते. तिचं एक गाणं गाणाऱ्या नाझरेथला मी अमेरिकन बँड करून टाकलं होतं. ते स्कॉटलंडचे, डनफर्मलिनचे. लेखात दुरुस्ती केलीय.

आता बाकीचं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १९७१ साली सत्तावीस वर्षांच्या बाईनं स्वतःचं काळीज सोलून दहा गाणी केली, ती दुसऱ्यांनी गाणं म्हणजे उसनं दुःख अंगावर घालून मिरवणं. आणि सोलापूरच्या उन्हात बसून मला गोठलेल्या नदीतलं काय डोंबल कळणार?

नदीचं आधी. आमच्या सीनेत मे महिन्यात पाणी असलं तरी खूप झालं, बर्फाचं सोडाच. पण दुपारी तीन वाजता, पत्रा तापलेला आणि लाइट गेलेली असताना, 'इथून कुठंतरी निघून जावं' असं ज्याला कधीच वाटलं नाही असा एक सोलापूरकर मला दाखवा. 'रिव्हर' या गाण्यात जोनी गोठलेल्या नदीकडं तेवढंच मागतेय. पियानोवर नाताळचं 'जिंगल बेल्स' सुरू होतं, पण असं की कुणी घरात सण असताना जिन्यावर एकटं बसलंय. पुढं अनेकांनी हे गाणं नाताळच्या अल्बममध्ये सजावटीसारखं टांगलं, त्यावर तुम्ही चिडलात. तिथं मी पूर्णपणे तुमच्या बाजूला आहे. त्यातली काही ऐकताना तर गायकाला शब्दांचा अर्थ कुणी सांगितला होता की नाही अशी शंका येते. मात्र जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या २००७ च्या अल्बमवर कोरिन बेली रे हेच गाणं गाते, ते त्यात धरू नका. त्या अल्बमला २००८ साली वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं म्हणून नाही म्हणत. ती घाई करत नाही म्हणून म्हणते.

पण 'उसनं दुःख' हा शब्द काही मला सोडेना.

आमच्या जुन्या घराशेजारी एक अक्का राहायच्या, तेलुगू बोलणाऱ्या. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. फर्मा ठेवून पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, नखानं तोंड मुडपायचं. हजार विड्या झाल्याशिवाय दिवस संपायचा नाही. दुपारी त्या गायच्या. एक गाणं विड्यांचे चांगले दोन कट्टे वळून होतील एवढं लांब होतं. आम्हा पोरांना अक्षर कळत नव्हतं, पण ते लागलं की आमचा दंगा आपोआप कमी व्हायचा. एकदा त्यांच्या पोरीला अर्थ विचारला. म्हणाली, नवरा गाव सोडून गेलाय, पत्र नाही, बाई वाट बघतेय. आता अक्कांचे यजमान कुठं होते? पलीकडच्या गल्लीत, लूमवर. दीड वाजता जेवायला घरी! रोज! भाजीत मीठ कमी असलं तर त्यावर भांडण!

मग ते दुःख कुणाचं होतं, काका? अक्कांचं नव्हतं. मूळ कुणी रचलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण ते खोटं होतं असं म्हणायची माझी तरी छाती नाही. एका विशिष्ट ओळीला त्यांचा हात थांबायचा, आणि हजाराचा हिशेब असलेल्या बाईचा हात उगाच थांबत नसतो.

लांब कशाला, आपल्या सोलापूरचेच पेशवाईतले शाहीर राम जोशी घ्या. शास्त्र शिकलेल्या घरातला माणूस, लावण्या लिहितोय. त्या काळच्या लावणीत स्वारीवर गेलेल्या नवऱ्यासाठी झुरणारी बाई किती वेळा येते, आणि ते शब्द लिहिणारे पुरुष. बाईचं दुःख पुरुषानं लिहिलं, नाच्या पोरानं किंवा बाईनं फडावर मांडलं, समोर बसलेल्या शिपायानं डोळे पुसले. यात मूळ मालक कोण ते शोधत बसलो तर फड उठून जाईल. म्हणून अमेरिकन गायक प्रिन्स जोनीचं 'अ केस ऑफ यू' पियानोवर बसून त्या बारीक, वरच्या आवाजात गातो तेव्हा मला परकं वाटत नाही. तो तिची नक्कल करत नाही. तिच्या मांडीवर डल्सिमर हे तंतुवाद्य होतं, ते त्यानं मागितलंही नाही.

'धिस फ्लाइट टुनाइट'वरून मात्र आपलं जमणार नाही. मूळ गाण्यात ती विमानात बसलीय आणि निघाल्याचा पस्तावा होतोय. मध्येच हेडफोन लावते, तर गाण्याचा आवाजच क्षणभर रेडिओसारखा बारीक होतो. ती जागा मी पंचवीस वेळा तरी मागे नेऊन ऐकलीय. नाझरेथनं १९७३ मध्ये हे सगळं फेकून दिलं आणि खाली घोडा दौडावा तसं गिटार घातलं. तुम्ही म्हणता गाण्याचा खून. मला त्यात इंजिन ऐकू येतं. बाई आत कितीही रडली तरी विमान मागे वळत नाही, ही गोष्ट मूळ गाण्यापेक्षा तिथं जास्त कळते. (माझंही एकदा मोडलंय. ते या ब्लॉगवर येणार नाही. पण त्या आठवड्यात मी जोनी नाही, नाझरेथ ऐकत होते.)

आणि चरित्र कळल्याशिवाय गाणं कळत नाही म्हणता, तर 'लिटल ग्रीन'चं काय करायचं? १९६५ साली जन्मलेली मुलगी जोनीनं दत्तक दिली, त्याचं ते गाणं. ही गोष्ट जगाला कळली ती नव्वदच्या दशकात, १९९७ मध्ये मायलेकी भेटल्या. म्हणजे वीसेक वर्षं लोक ते ऐकत होते आणि कुणाचं दुःख ते ठाऊकच नव्हतं. एका समीक्षकाला तर ते दुर्बोध वाटलं. बाकीच्यांना घशात आवंढा आलाच ना?

एक गोष्ट तुमच्या बाजूनं मीच घालते, कारण तुम्ही ती विसरलात. नवव्या वर्षी तिला पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, म्हणून ती गिटारच्या तारा स्वतःच्या सोयीनं वेगळ्याच लावायची. ते सूर तिच्या हाडातून आलेत. ते उसने घेताना बहुतेकांची फजिती होते, हे मान्य.

पण मग २००० सालचं रेकॉर्डिंग ऐका. तेच 'अ केस ऑफ यू', तीच बाई, पन्नाशी ओलांडलेली. मागे अख्खा ऑर्केस्ट्रा. सिगारेटनं आवाज पार खाली उतरलाय, पूर्वी जिथं ती भरारी घ्यायची तिथं आता जवळजवळ बोलते. १९७१ मधल्या त्या गाण्यातला माणूस तिच्या आयुष्यातून जाऊन तीसेक वर्षं झालीत. हे दुःख तिचं स्वतःचं, की तिनंच त्या सत्तावीस वर्षांच्या पोरीकडून उसनं आणलेलं? याचं उत्तर तुम्ही द्या, मला खरंच हवंय.

तुमच्याकडे 'ब्ल्यू'ची जुनी एलपी आहे असं लिहिलंय. गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला येणार असाल तर घेऊन या. प्लेअर आमच्या मामांकडे आहे, चालू आहे. सुई तेवढी नवी आणावी लागेल.