तीन पावसाळ्यांत गाडी कशी गंजवावी

गाडी घेतलीत, अभिनंदन. पेढे पोचले. आता शोरूमवाल्याने दिलेलं ते जाडजूड पुस्तक डॅशबोर्डच्या खणात सारा आणि पुन्हा उघडू नका. ते लिहिणाऱ्याने मालवण पाहिलेलं नसतं. आपल्याकडे गाडी चालवणं हा जोडधंदा. मुख्य काम ती गंजवण्याचं, आणि ते समुद्र, पाऊस आणि आपण अशा तिघांनी मिळून करायचं असतं. पहिले दोघे कधी दांडी मारत नाहीत. तुमची शाश्वती नाही म्हणून हा लेख.

कच्च्या मालाची चिंता नको. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं आणि लाट फुटली की त्याचे तुषार वाऱ्यावर बसून थेट तुमच्या खळ्यात उतरतात. लोखंड गंजायला तशी नुसती हवा आणि पाणी पुरतं. पण गोड्या पाण्यात ते काम 2011 साली सुरू झालेल्या मुंबई-गोवा चौपदरीकरणाच्या चालीने चालतं. मीठ मिसळलं की त्याच पाण्यातून वीज सहज वाहू लागते आणि गंज धाव घेतो. वर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. घाटावरच्या माणसाला हे भाग्य कुठलं!

सुरुवात स्कूटरपासून करा, कारण तिथे निकाल लवकर दिसतो. सकाळी जेट्टीवर जा, दोन किलो बांगडे घ्या आणि पिशवी पाय ठेवायच्या जागी रबरी मॅटवर ठेवा. पिशवीला भोक असावंच. नसलं तर बांगड्याचा काटा पाडतो. घरी पोचेपर्यंत बर्फाचं खारं पाणी मॅटखाली जाऊन बसतं. आता महत्त्वाचं: मॅट उचलायची नाही. वर्षभर उचलायची नाही. वरून ओल्या फडक्याने छान पुसायची, म्हणजे बायको खूश आणि खालचा पत्राही ओला. तिसऱ्या पावसाळ्यात गाडी चालवता चालवता पायाखालून रस्ता दिसू लागतो. खड्डे चुकवायला याहून चांगली सोय कुठल्याही कंपनीने अजून दिलेली नाही.

धुण्याबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत. कुणीतरी शहाणा सांगतो की किनाऱ्यावरून आल्यावर विहिरीच्या पाण्याने गाडी खालून धुवावी, मडगार्डच्या आतला चिखल काढावा. ऐकू नका. मडगार्डच्या आतली तांबडी माती ही आपल्या गावची माती आहे, ती काढायला हात कसा धजतो? शिवाय ती कामाची. पाऊस थांबून रस्ता वाळला तरी तो चिखल आत दिवसचे दिवस ओला राहतो आणि आपलं मीठ सांभाळून ठेवतो. चारचाकीच्या दारांना खालच्या कडेला बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी वाहून जाण्यासाठी. तीही याच मातीने आणि आंब्याच्या मोहराने बुजू द्यावीत. मग दार उघडताना आतून पाण्याचा चुळूक आवाज येतो. माझ्या जुन्या गाडीला तो इतका येई की पाहुणे विचारत, आत शहाळं ठेवलंय का.

पावसाळ्याआधी खालून जुनं काळं ऑईल मारून घेणारे काही लोक अजून गावात आहेत. त्यांच्या गाड्या वीस-वीस वर्षं टिकतात, म्हणजे त्या घरात नव्या गाडीचे पेढे कधी वाटले जात नाहीत. कंजूष.

चाकरमानी मंडळींसाठी मात्र खास पद्धत आहे. गणपतीला गाडी घेऊन यायचं, आणि पुन्हा मे महिन्यात लागेल म्हणून ती गावीच ठेवून रेल्वेने परत जायचं. जाताना निळी ताडपत्री चारी बाजूंनी अशी गच्च बांधा की वाऱ्याची झुळूक आत शिरता नये. जमिनीतली ओल रात्री वर चढते, ताडपत्रीला आतून थेंब धरतात आणि गाडीला घरबसल्या बारमाही पावसाळा मिळतो. हँडब्रेक पूर्ण ओढून ठेवा, म्हणजे मागचे लायनर ड्रमला घट्ट धरतात आणि मे महिन्यात मेस्त्री हातोडा घेऊन आला की चार शेजारीही जमतात, ओळखी होतात. जागा निवडताना माडाखालचीच निवडा. नारळ पडून टप चेपला तर पूर्ण विम्यात काही मिळण्याची आशा असते. गंजाला मात्र विमा छदाम देत नाही, ती नेहमीची झीज धरतात. म्हणजे नारळाचं नुकसान दैवी, गंज तेवढा स्वकष्टार्जित.

सायकलीचं फार सांगण्यासारखं नाही. ती मांगराच्या भिंतीला टेकवली की बाकीचं आपोआप होतं. चेनला फार वाटलंच तर खोबरेल लावा. आठवड्यात त्यावर धूळ बसून वडी थापता येईल इतकी दाट चिक्की तयार होते.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, गाडीची खरी काळजी घ्यायची. वरून चकचकीत, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि झेंडूचा हार. हार थेट तारेत ओवलेला घ्या आणि दिवाळी उलटेपर्यंत काढू नका. तार रंग खरवडते, ओली फुलं बाकीचं बघतात. पुढच्या दसऱ्याला तिथे छोटासा फोड दिसेल. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो. फोड दिसला की घाबरू नका, त्यावर 'श्री देव रामेश्वर प्रसन्न' चिकटवा. भोक मोठं झालं की स्टिकर मोठा. आमच्या वाडीत एक टेम्पो आहे. त्याचा मागचा अर्धा भाग आता निव्वळ श्रद्धेवर उभा आहे.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, तोवर खाली वाकून कुणी बघायला येत नाही. पण तेवढं थांबू नका, चौथ्या वर्षी विकायला काढा. जाहिरातीत 'एकच मालक, गावी उभी, फार चाललेली नाही' असं लिहा. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घाटावरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला नंबरप्लेटवर आपल्या सिंधुदुर्गाचा एमएच-07 वाचताच शंका येते, हे धरून चाला, आणि त्याला अंधार पडल्यावर बोलवा.

मी नवखा होतो, भर दुपारी बोलावलं. गिऱ्हाईक कोल्हापूरचं, वर आमच्याच गॅरेजच्या मेस्त्रीला बरोबर घेऊन आलेलं. मेस्त्री खाली आडवा झाला, स्क्रू-ड्रायव्हरने दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर येऊन अंगावरचा तांबडा भुसा झटकत म्हणाला, "भाऊ, गाडी खंय आसा ह्यात? नुसतो रंग उरलो."

मी गिऱ्हाइकाकडे वळून सांगितलं, "पण रंग कंपनीचा आहे हं. एकदाही मारलेला नाही."