तोटी वाकडी कापणाऱ्याचं नाव कुठे आहे?

सिरॅमिकच्या प्रदर्शनात स्टॉल लावला की एक प्रश्न हमखास येतो : "हे हातानं केलंय की मशीननं?" मी ज्या छोट्या स्टुडिओत काम करते तिथे दोन्ही चालतं आणि आम्ही ते लपवत नाही. कप-बशांचे आकार कॉम्प्युटरवर काढतो, थ्रीडी प्रिंटरवर नमुना छापतो, तो घासून गुळगुळीत करतो आणि त्यावरून प्लास्टरचा साचा घेतो. किटल्या आणि त्यांच्या तोट्या चाकावर. ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, हातानं. यात कमीपणा काहीच नाही. मला टोचतं ते वेगळंच. टॅगवर डिझायनरचं नाव असतं, तंत्रज्ञानाचं कौतुक असतं आणि चाकावर बसलेला माणूस "स्थानिक कारागीर" एवढ्यात उरकला जातो.

कॉम्प्युटरचे उपकार मी मानते. आमची स्टोनवेअरची, म्हणजे खूप तापवून दगडासारखी पक्की भाजायची, माती ओल्यापासून पक्की भाजून होईपर्यंत साधारण 12 टक्के आकसते. हातात 100 मिलिमीटर उंचीचा कप हवा असेल तर नमुना 113.6 मिलिमीटरचा लागतो. पूर्वी हा हिशेब कागदावर मांडून नमुना हातानं कोरायचा आणि आकार थोडा बदलायचा म्हटलं की सगळं पहिल्यापासून. आता एक आकडा बदलला की झालं. (पावसाळ्यात मात्र कुठलंच सॉफ्टवेअर कामाला येत नाही. मुंबईच्या जुलैत साचे वाळता वाळत नाहीत, आणि ओला साचा स्लिपमधलं, म्हणजे त्यात ओतलेल्या पातळ मातीतलं, पाणी ओढत नाही.)

आता किटलीच्या तोटीचं सांगते. आमच्याकडे चाकावर बसतात ते काका धारावीच्या कुंभारवाड्यात वाढले. घरचं काम लाल मातीचं, पण गेली बरीच वर्षं ते स्टुडिओंसाठी स्टोनवेअर काढतात. ड्रॉइंगमध्ये तोटीचं तोंड सरळ कापलेलं होतं. काकांनी ड्रॉइंग नीट बघितलं, मान डोलावली, आणि ओल्या तोटीचं तोंड तिरकं कापलं. मी विचारलं, तर म्हणाले, "बेन, माती अजून फिरायची आहे."

चाकावर माती वर ओढताना तिला पीळ बसतो. तोटीसारख्या अरुंद, उंच भागात तो जास्त बसतो. वरून काही दिसत नाही, पण भट्टीत 1200 अंशांच्या वर माती मऊ व्हायला लागली की तो पीळ थोडा उलगडतो आणि तोंड फिरतं. कच्ची तोटी बघितली तर वाटेल, कापताना हात हलला असेल. भट्टीतून निघते ती सरळ. किती तिरकं कापायचं हे मातीवर आणि तोटी किती ओढली त्यावर ठरतं. काका ते मोजत नाहीत. बघतात आणि तार फिरवतात.

पुढे आम्ही काय केलं? तो तिरकेपणा मोजला आणि फाइलमध्ये घातला. आता फाइलमधून छापलेलं त्या तिरकेपणाचं माप तोटीला लावून कोणीही शिकाऊ मुलगा बऱ्यापैकी काप घेऊ शकतो. स्टुडिओसाठी हे सोयीचंच आहे. पण ती फाइल कोणाची? कायद्यानं स्टुडिओची. तिच्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट काकांची, आणि काकांना पैसे मिळतात नगावर. फाइल उद्या दुसऱ्या शहरात पाठवली तर नगावरचेही नाही. हाताची मजुरी देऊन डोक्यातलं ज्ञान फुकट घ्यायचं, याला मी चोरीच म्हणेन, सगळे करत असले तरी.

मुंबईत हे नवं नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं. 1870च्या दशकात तिथल्या जॉर्ज टेरी यांनी मातीकामाचा कारखाना उभा केला. अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी भांड्यांवर आली आणि ती भांडी परदेशातल्या प्रदर्शनांपर्यंत गेली. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती जरूर बघा, फार सुंदर आहेत. टेरींचं नाव राहिलं. चाकावर कोण होतं, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

कुंभारवाड्याचंही तसंच. सौराष्ट्रातून आलेली ही कुटुंबं आधी दक्षिण मुंबईत होती. शहर वाढलं तशी ती हलत हलत धारावीत आली. तिकडे कामाठीपुऱ्याजवळ कुंभारवाडा हे नाव अजून आहे. आता धारावीच्याच पुनर्विकासाची चर्चा आहे आणि भट्टी कुठे लावायची, मडकी कुठे वाळवायची हे विचारत तिथल्या लोकांनाच फिरावं लागतंय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. चाकावरच्या माणसाला पहिल्या स्केचपासून बोलवा. तळाशी स्टुडिओच्या शिक्क्याशेजारी त्याचा शिक्का असू द्या. त्याचं ज्ञान फाइलमध्ये गेलं असेल तर त्या फाइलमधून निघणाऱ्या प्रत्येक नगावर त्याचा टक्का ठेवा, मग तो नग त्यानं केलेला असो वा नसो. आणि विकत घेणाऱ्यांनो, हात की मशीन हे जरूर विचारा, पण पुढे हेही विचारा की हात कोणाचा.

आमच्याकडे शिक्क्याचं ठरलंय, दिवाळीच्या मालापासून दोन्ही दिसतील. टक्क्यावर अजून बोलणं चालू आहे. काकांचं म्हणणं, आधी नगाचा दर वाढवा, मग टक्क्याचं बोला. मला ते पटतं, आणि पुढच्या बैठकीत मी त्यांच्या बाजूनं बोलणार आहे.